शंकरपाळी मांडणीच्या गोधडीला साडेसहा बाय चोवीसचीच पट्टी घ्या

चौकोन सरळ ओळीत जोडायचे असतील तर गुण्या आणि खडू पुरतो. तेच चौकोन टोकावर उभे करून शंकरपाळ्यांसारखे मांडले की कडेला त्रिकोण येतात. मग गोधडी सपाट पसरणार की कडेला झालर येणार, हे त्या त्रिकोणांवर ठरतं. साडेसहा इंच रुंद आणि २४ इंच लांब पारदर्शक ॲक्रिलिक पट्टी इथेच पैसे वसूल करते. जळगाव-धुळ्याकडे टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मागताना माप सांगूनच मागा, नाहीतर साधी फूटपट्टी हातात पडायची.

बारा इंची पट्टी का चालत नाही, ते हिशेबातच दिसतं. सिंगल कॉटची गोधडी धरू. साडेनऊ इंच कापलेला चौकोन शिवून ९ इंच भरतो. टोकावर उभा केला की तो ९ गुणिले १.४१४, म्हणजे जवळपास पावणेतेरा इंच जागा घेतो. आडवे ४ आणि उभे ६ घेतले तर मुख्य चौकोन २४, मधल्या खाचांत साधे १५, एकूण ३९. कडेचे त्रिकोण १६, कोपऱ्यांचे ४. मधला भाग ५१ बाय साडेशहात्तर इंच होतो. चहूबाजूंनी साडेचार इंची पट्टा लावला की ६० बाय साडेपंच्याऐंशी. या पट्ट्याला जुन्या लुगड्याचे काठ उत्तम. मधलं कापड विरलं तरी काठात दम असतो. रुंदी कमी पडली तर दोन काठ शेजारी जोडा.

आता त्रिकोण. पावणेतेरात सव्वा इंच मिळवा, १४ झाले. १४ इंची चौकोन दोन्ही कर्णांवर कापला की कडेचे ४ त्रिकोण निघतात, म्हणून असे ४ चौकोन लागतात. या चौकोनाचा कर्ण जवळपास २० इंच असतो. चोवीसची पट्टी तो एका दमात कापते. बारा इंची पट्टी मध्येच सरकवावी लागते आणि सरकवली तिथे पायरी पडते. कोपऱ्यांसाठी ९ भागिले १.४१४, अधिक ७ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे सव्वासात इंची २ चौकोन. हे मात्र एकाच कर्णावर कापायचे.

सर्रास होणारी चूक म्हणजे उरलेले चौकोन मधोमध कापून कडेला लावणं. त्यात शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं कापड, जाते आणि माप बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरपी, होते. वापरून मऊ झालेलं सुती कापड उरेबवर लगेच ताणतं, धावदोरा घालता घालता कड लांबते आणि झालर येते. वर सांगितल्याप्रमाणे कापलं तर बाहेरची कड सरळ धाग्यावर राहते. जुन्या कापडाला आधी खळ देऊन इस्त्री करा, मगच पट्टी ठेवा.

आमचा सल्ला १४ ऐवजी साडेचौदा आणि सव्वासातऐवजी साडेसात घेण्याचा आहे, जास्तीचं शेवटी छाटता येतं. ४४ इंच पन्ह्याचं एक मीटर कापड सगळ्या त्रिकोणांना पुरतं. तिरप्या ओळी १, ३, ५, ७, ७, ७, ५, ३, १ अशा चौकोनांच्या जोडा, कोपरे शेवटी. त्रिकोणाचा काटकोन चौकोनाच्या कोपऱ्याशी जुळवा, टोक पुढे निघालं तर निघू द्या. सगळं जोडून झाल्यावर पट्टीवरची पाव इंचाची रेघ कडेच्या चौकोनांच्या टोकांवर धरा आणि बाहेर उरलेलं कापा. पट्टी पारदर्शक असल्यामुळे दोन-तीन टोकं एकदम रेघेखाली दिसतात. हा पाव इंच सोडला नाही तर पट्टा जोडताना टोकं शिलाईत जातात आणि शंकरपाळे बोथट दिसतात.

पट्टीत खोटही आहे. ती कापडावर घसरते, म्हणून खाली चार जागी पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवा. साडेनऊ इंची चौकोन तिच्या रुंदीत मावत नाही. तो नीट काटकोनात छाटायला साडेबाराची चौकोनी पट्टी वेगळी लागते.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. खुणा इंचात आणि निदान सुतापर्यंत हव्यात. छपाई खालच्या बाजूला हवी. वरच्या बाजूला असेल तर नजर तिरकी पडताच माप हलतं. चौकोनामागे अर्धा सूत हललं तरी ७ चौकोनांच्या ओळीत साडेतीन सूत फरक पडतो. तिसरी गोष्ट ४५ अंशांची रेघ. आलेखाच्या कागदावर १० इंची चौकोन आखा, ती रेघ त्याच्या एका बाजूवर ठेवा आणि पट्टीची कड त्याच बाजूच्या एका टोकाला लावा. कड समोरच्या कोपऱ्यातून नेमकी गेली तर पट्टी घ्या, एक सूतही चुकली तर दुसरी मागा.