पिस्तुलाच्या काडतुसांसाठी विंचेस्टर २३१: चूक लपू न देणारी पावडर

काडतुसे घरी भरण्याचा छंद जिथे कायद्याने मान्य आहे, तिथे नव्याने सुरुवात करणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा आणि दुसरा काटकसरीचा. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात आणि पिस्तुलाच्या एका काडतुसाला त्यांतले थोडेच लागतात, त्यामुळे पावडरीत, म्हणजे गोळीला ढकलणाऱ्या दारूत, होणारी बचत प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि बुलेट (पुढची गोळी) यांच्या खर्चापुढे नगण्य ठरते. खरा प्रश्न असा आहे की भरताना हातून चूक झालीच, तर ती डोळ्यांना दिसेल का?

विंचेस्टर २३१ मी बरीच वर्षे वापरत आहे. हीच पावडर हॉजडन एचपी-३८ या नावानेही विकली जाते आणि नाव वेगळे असले तरी आतला माल एकच आहे, हे ठाऊक असले की दुकानात एक बाटली संपलेली पाहून निराश व्हावे लागत नाही. हिचे दाणे बारीक, करड्या-काळ्या रंगाचे आणि चपटे केलेल्या गोळ्यांसारखे असतात. पावडर मेझरच्या, म्हणजे ठरावीक माप टाकणाऱ्या यंत्राच्या, पोकळीत ते पाण्यासारखे उतरतात. मी सवयीने पहिली दहा मापे परत बाटलीत टाकतो, कारण नळकांड्यातील पावडर तोवर नीट बसलेली नसते, आणि त्यानंतरचे प्रत्येक माप काट्यावर तपासतो. माझ्या काट्याची सर्वांत लहान पायरी ०.१ ग्रेनची आहे आणि २३१चे माप त्या एका पायरीपलीकडे क्वचितच सरकते. मोठ्या पापुद्र्यांच्या युनिक या दुसऱ्या पावडरीबाबत हा अनुभव येत नाही. तिचे पापुद्रे पोकळीच्या कडेवर अडकतात, मेझरचा दांडा फिरवताना ते चिरडल्याची करकर हाताला जाणवते आणि मग एक माप हलके तर पुढचे जड पडते.

मात्र युनिकचा एक मोठा गुण मान्य केलाच पाहिजे. ती फुगीर असल्यामुळे पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) जागा व्यापते आणि दुहेरी माप, म्हणजे चुकून एकाच पुंगळीत दोनदा टाकलेले माप, पडले तर लगेच डोळ्यांत भरते. याच्या दुसऱ्या टोकाला टाइटग्रुप ही पावडर आहे. ती उत्तम मोजली जाते, पण इतकी घट्ट आणि इतक्या थोड्या प्रमाणात लागते की ९ मिमीच्या पुंगळीतही दुहेरी माप निमूटपणे सामावते. अनुभवी आणि शिस्तीच्या हातांत ती वाईट नाही. नवशिक्याला मात्र मी ती सुचवणार नाही. २३१ या दोहोंच्या मध्ये बसते. ९ मिमीत नेहमीचे माप पुंगळीचा साधारण अर्धा भाग व्यापते, त्यामुळे दुहेरी माप काठापर्यंत येते.

हे मला एकदा प्रत्यक्ष उपयोगी पडले. दांडा ओढत असताना कोणीतरी हाक मारली, मी वळलो, आणि परत येऊन त्याच पुंगळीत पुन्हा माप टाकले. पन्नास पुंगळ्यांच्या ब्लॉकवर बॅटरीचा झोत तिरका धरल्यावर एकोणपन्नास ठिकाणी सावली खोल गेली आणि एका ठिकाणी काळा पृष्ठभाग काठाशी चमकत राहिला. ९ मिमी ल्युगरसाठी सामी या काडतुसांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने ठरवलेली कमाल सरासरी दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. दुहेरी माप ही मर्यादा किती ओलांडेल, याचा अंदाज बांधण्याचीही माझी इच्छा नाही.

.३८ स्पेशलबाबत मात्र ही पावडर तेवढी विश्वासू नाही आणि दोष पावडरीपेक्षा पुंगळीचा आहे. हे काडतूस काळ्या दारूच्या काळातले असल्याने त्याची पुंगळी लांब आणि पोकळ आहे, तिच्यात दुहेरी माप सहज मावते आणि दाबमर्यादा मात्र केवळ १७,००० पीएसआय आहे. शिवाय रिकाम्या जागेमुळे पावडर पुढे किंवा मागे सरकते. गोळी झाडण्यापूर्वी नळी वर करून खाली आणली आणि नंतर उलट केले, तर क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेगाचे आकडे वेगळे येतात. तेवढ्यावरून पावडर अस्थिर आहे असा निष्कर्ष काढू नये, पण एकाच पद्धतीने पिस्तूल उचलल्याशिवाय सातत्य मोजण्यात अर्थ नाही.

काजळी थोडी पडते, विशेषतः हलक्या मापांना. ती माझ्या लेखी गौण बाब आहे. मापाचे आकडे मी मुद्दाम देत नाही. ते उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतून, नेमक्या त्याच बुलेटसाठी घ्यावेत आणि सुरुवातीच्या मापापासूनच वर चढावे, कारण ९ मिमीसारख्या आखूड पुंगळीत बुलेट किंचित खोल बसली तरी दाब झपाट्याने वाढतो. पावडरीचा नवा लॉट (उत्पादनाची नवी खेप) उघडला की मी मेझर नव्याने लावतो, जुन्या खुणेवर विसंबत नाही.

मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या, काडतुसांच्या पूर्ण ताकदीसाठी ही पावडर फार वेगाने जळते. तिथे मंद पावडरच हवी. ती बाटली मी वेगळ्या कपाटात ठेवतो, आणि २३१ टेबलावर असताना ते कपाट उघडत नाही.