काड्यांना पाच स्टार, झेरॉक्सला एक

इंजिनिअरिंगच्या स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसची केटी (नापास झालेला पेपर पुन्हा देणं) दुसऱ्यांदा लागली तेव्हा आईच म्हणाली, आता क्लास लाव. दादर पश्चिमेला, जुन्या चाळीचा दुसरा मजला, आठवड्यातून तीन दिवस, फी 4,500.

ट्रसचं, म्हणजे सरळ दांडे टोकांना जोडून केलेल्या सांगाड्याचं, माझं ज्ञान एवढंच होतं: मेंबर (दांडे) अधिक रिअ‍ॅक्शन (आधारांची बळं), वजा दुप्पट जॉइंट (सांधे). शून्य आलं की डिटर्मिनेट (सगळी बळं नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी निघतात), जास्त आलं की इंडिटर्मिनेट (तेवढ्याने निघत नाहीत), चला पुढच्या गणिताकडे. सरांनी पहिल्याच दिवशी टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा, टाचण्यांनी जोडलेला ट्रस उभा केला. शेजारी-शेजारी दोन चौकोन, 6 जॉइंट, 9 काड्या. एका टोकाला हिंज (सरकू न देणारा आधार, 2 रिअ‍ॅक्शन), दुसऱ्या टोकाला रोलर (आडवा सरकू देणारा आधार, 1), म्हणजे 3 रिअ‍ॅक्शन. 9 अधिक 3 वजा 12, शून्य. "डिटर्मिनेट!" मीच ओरडले. "ये, मधला जॉइंट दाबून बघ," सर म्हणाले.

दाबला. डावा चौकोन ताठ, उजवा मात्र तिरका होऊन खाली बसला. दोन्ही डायगोनल (तिरक्या काड्या) डावीकडे, उजवीकडे एकही नाही! डावीकडे एक जास्त, उजवीकडे एक कमी, बेरीज शून्य. हिशोब जुळला आणि ट्रस पडला. दोन वर्षं पाठ केलेल्या सूत्राचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

दुसरी माझी हक्काची चूक फुलीची. एकाच चौकोनात दोन डायगोनल नुसते एकमेकांवरून गेले तर 4 जॉइंट, 6 मेंबर, 3 रिअ‍ॅक्शन, उत्तर 1. मधे जोडले तर 5 जॉइंट, पण मेंबरही 8 होतात, उत्तर पुन्हा 1. मी जॉइंट वाढवायचे आणि मेंबर 6च ठेवायचे, म्हणून उणे एक, म्हणजे मेंबर कमी, ट्रस पडणार. चांगला ट्रस पेपरात पाडून यायचे.

आता तक्रारी. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिक्या की रोलर कुठला, हिंज कुठला, अंदाजाने ठरवायचं. आणि स्पेस ट्रस (त्रिमितीय ट्रस) शेवटच्या दहा मिनिटांत उरकला: "दुपटीऐवजी तिप्पट जॉइंट, बाकी तेच." बाकी तेच कसं असेल, सर? तिथे निदान 6 रिअ‍ॅक्शन लागतात ट्रस जागेवर ठेवायला. हे मला घरी शोधावं लागलं.

केटी सुटली, 58 मार्क. जूनची बॅच लावणार असाल तर खिडकीजवळची जागा धरा. टेबलफॅन एकच आहे आणि तो सरांकडे तोंड करून ठेवलेला असतो.