थंडीत कॅम्परव्हॅन: माधवपूर की पिंगलेश्वर?

बडोद्याहून व्हॅन घेऊन जानेवारीत समुद्रावर मुक्काम करायचा, तर द्वारकेजवळचं शिवराजपूर आणि कच्छमधलं मांडवी ही दोन नावं आधी कानावर येतात. शिवराजपूरला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. किनारा छान आहे, पण तो दिवसभराच्या सहलीचा. मांडवीला उंट, घोडे, मक्याची कणसं. ज्याला निर्जन किनारा हवा, त्याची निवड खरी माधवपूर आणि पिंगलेश्वर यांच्यातच आहे.

माधवपूर पोरबंदरच्या दक्षिणेला, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर. नारळाची झाडं, लांबच लांब रेती, आणि किनाऱ्याला खेटून जाणारा महामार्ग. हा महामार्ग सोयही आहे आणि गैरसोयही: चहा, पाणी, पंक्चरवाला हाताशी, पण रात्री ट्रक झोपू देत नाहीत. किनारा रानटी म्हणावा तो पाण्यामुळे. लाटा जोरदार आणि ओढ वाईट, त्यामुळे पोहायचा विचार सोडून द्या. इथे समुद्री कासवं अंडी घालतात, म्हणून व्हॅन रेतीवर उतरवू नका आणि समुद्राच्या बाजूचे दिवे बंद ठेवा. आपल्या विदर्भाच्या रुक्मिणीचं कृष्णाशी लग्न इथेच लागलं अशी श्रद्धा आहे, त्याची जत्रा रामनवमीला भरते. शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळा. वऱ्हाडी म्हणून जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पिंगलेश्वर कच्छच्या अबडासा तालुक्यात, नलियाकडे. महादेवाचं देऊळ, पवनचक्क्या, आणि पुढे नुसता समुद्र. बडोद्याहून अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वाटेत भुजला मुक्काम धरून चाला. डिझेल आणि पाणी नलियालाच भरून घ्या. सरहद्दीचा भाग आणि जवळ हवाई दलाचा तळ, तेव्हा ड्रोन घरी ठेवा आणि मुक्कामाचं स्थानिक पोलिसांना आधी विचारा. वाटेवरचा गवताळ प्रदेश माळढोकांचा म्हणून ओळखला जातो. आता तो पक्षी दिसणं दुर्मीळ.

थंडीचं म्हणाल, तर नलियाचा आकडा ऐकूनच पुष्कळजण बेत रद्द करतात. गुजरातमधली सगळ्यात कमी तापमानं बहुतेक वेळा तिथेच नोंदली जातात, थंडीच्या लाटेत पाच अंशांच्याही खाली. पण ते जमिनीवरचं. कोरडी जमीन रात्री झपाट्याने निवते, समुद्र निवत नाही, म्हणून ऐन किनाऱ्यावर हवा त्यामानाने सौम्य असते. छळतो तो वारा. रात्री तो जमिनीकडून येतो, म्हणून व्हॅनची बंद बाजू ईशान्येला आणि सरकतं दार समुद्राकडे ठेवा. माधवपूरला थंडी कमी आणि दमटपणा जास्त: सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ओघळतं आणि गाद्या ओलसर होतात. दोन्हीकडे खिडकी बोटभर उघडी हवीच.

विजेच्या हीटरचा भरवसा धरू नका. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास. १,५०० वॉटचा हीटर ती पाऊण तासातच फस्त करील. आणि बंद व्हॅनमध्ये शेगडी किंवा कोळसे पेटवून झोपणं जिवावर बेतू शकतं. जाड रजई आणि गरम पाण्याची रबरी पिशवी पुरते.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: जानेवारीत कच्छच्या पश्चिम टोकाला सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. थंडीतली रात्र मोठी, आणि अंधार उशिरा सरतो. पत्ते, पुस्तकं, गप्पा यांत रमणाऱ्यांना ही रात्र गोड लागते. मुलं मात्र आठ वाजताच कंटाळतात.

सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील, किंवा व्हॅन पहिल्यांदाच भाड्याने घेत असाल, तर माधवपूर. फक्त रस्त्यापासून जरा आत, एखाद्या नारळाच्या वाडीवाल्याला विचारून जागा घ्या. हातात सलग चार दिवस असतील आणि गाडी चालवणारे दोघे असतील, तर मी पिंगलेश्वरच निवडेन. तीनच दिवस असतील तर नाही, कारण त्यातले जवळजवळ दोन स्टिअरिंगवरच जातात.