हेलिओस ४४-२ : एका वर्षाच्या वापरानंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने पालथी घालत असताना एका काचेच्या कपाटाच्या तळफळीवर मला ‘हेलिओस-४४-२’ ही जुनी सोव्हिएत लेन्स दिसली, आणि फारशी घासाघीस न करता साडेचार हजार रुपये मोजून मी ती घरी आणली. विक्रेत्याने ‘एकदम स्वच्छ पीस आहे’ अशी ग्वाही दिली होती. त्या स्वच्छतेविषयी पुढे लिहीनच. घेण्यामागचे कारण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. पार्श्वभूमीतील झाडांची पाने माणसाभोवती भोवऱ्यासारखी गरगरत असल्याचा भास ज्या छायाचित्रांत होतो, ती छायाचित्रे मी पाहिली होती आणि मला तो भोवरा हवा होता. वर्षभराने हिशेब मांडला, तर या लेन्सने काढलेल्या सुमारे दोन हजार छायाचित्रांपैकी भोवरा असलेली जेमतेम तीस-पस्तीस भरतील, आणि तरीही ही लेन्स कॅमेऱ्यावरून उतरलेली फार थोडे दिवस आहेत.

हिचे मूळ जर्मनीत आहे. येना येथील कार्ल झाइस कारखान्याची ‘बायोटार’ ५८ मिमी एफ/२ (५८ मिमी हे नाभीय अंतर, एफ/२ हे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर) ही लेन्स दुसऱ्या महायुद्धापूर्वीची. युद्धानंतर ती रचना सोव्हिएत संघाच्या हाती आली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात तिच्यावरून हेलिओस घडली. चार गटांत सहा भिंगे, अशी ही रचना आहे. ‘झेनिट’ या सोव्हिएत कॅमेऱ्यांबरोबर ही लेन्स सर्रास मिळत असे आणि तिचे उत्पादन अनेक वर्षे, एकाहून अधिक कारखान्यांत, प्रचंड संख्येने झाले. म्हणूनच ती आजही दुर्मीळ नाही, आणि दुर्मीळ म्हणून कोणी चढी किंमत सांगू लागला तर तिथून सरळ उठावे. माझ्या लेन्सवर रशियन लिपीतील नाव कोरलेले आहे, शेजारी लोलकातून किरण जात असल्याची क्रास्नोगोर्स्कची खूण आहे, आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे ७८ आहेत. हे आकडे सहसा उत्पादनाचे वर्ष दाखवतात, म्हणजे लेन्स माझ्याहून वयाने मोठी ठरते. अंग सगळे धातूचे, वजन पाव किलोच्या आसपास. हातात घेतल्यावर जुन्या पितळी अडकित्त्याची आठवण व्हावी, असा तिचा भरीवपणा आहे.

कॅमेऱ्यावर ती चढवणे सोपे आहे, पण कोणत्या कॅमेऱ्यावर, हा प्रश्न महत्त्वाचा. हिला एम४२ प्रकारची आटे असलेली जोडणी आहे, म्हणजे ती बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची असते, आणि चित्रफलकापासून (सेन्सरपासून) जोडणीच्या तोंडापर्यंत ४५.४६ मिमी अंतर तिला लागते. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हे अंतर खूपच कमी असल्याने मधली जागा भरून काढणारी, आत काच नसलेली साधी धातूची नळी, म्हणजेच अडॅप्टर, पुरेसा होतो. मला तो नऊशे रुपयांत मिळाला. निकॉनच्या जुन्या डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांत मात्र हे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे गरजेपेक्षा मिलिमीटरभर जास्त असते. त्यामुळे काच नसलेला अडॅप्टर लावला तर दूरचे दृश्य कधीच स्पष्ट होत नाही, आणि काच असलेला लावला तर ती स्वस्तातली काचच चित्राची वाट लावते. मिररलेसवाल्यांनी मेनूत जाऊन ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्यावे’ ही सोय सुरू करावी आणि थरथर रोखणारी यंत्रणा असल्यास तिला ५८ हा आकडा सांगून ठेवावा. पहिल्या दिवशी हे ठाऊक नसल्याने मी अर्धा तास बंद कॅमेऱ्याशी झटत बसलो होतो.

आता तिच्या अ‍ॅपर्चरविषयी, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राविषयी (एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे), कारण नव्या माणसाचा गोंधळ इथेच उडतो. या लेन्सवर अ‍ॅपर्चरची दोन कडी आहेत. पहिल्या कड्यावर २ पासून १६ पर्यंतचे आकडे आहेत; ते टकटक आवाज करत फिरते, पण फिरवल्यावर आतली पाती जागची हलत नाहीत. या कड्याने केवळ मर्यादा ठरते. दुसरे कडे आवाजाविना, लोण्यातून फिरावे तसे फिरते आणि आठ पाती उघडी असल्यापासून तुम्ही ठरवलेल्या मर्यादेपर्यंत मिटवते. जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंग पूर्ण उघडे ठेवून उजळ दृश्यावर फोकस करायचा आणि डोळा न हलवता, आकडा न पाहता कडे अडेल तिथपर्यंत फिरवून छायाचित्र टिपायचे, यासाठी ही सोय होती. आजच्या कॅमेऱ्यात तिची तशी गरज उरलेली नाही. मी पहिले कडे १६ वर कायमचे ठेवले आहे आणि दुसऱ्यानेच सगळे काम करतो. मधल्या कुठल्याही जागी पाती थांबवता येतात. चलचित्र घेणाऱ्यांना तर हे आवाज न करणारे कडे आयतेच मिळते. आणखी एक फायदा असा की, या लेन्सची पाती स्प्रिंगच्या जोरावर क्षणात मिटायची नसल्याने त्यांवर तेलाचा थोडा ओघळ आलेला असला, तरी सहसा बिघडत नाही. नंतरच्या ४४एम मालिकेत पाती कॅमेऱ्याने लेन्सच्या मागची पिन ढकलून मिटवायची असतात. तिथे तेच तेल पात्यांना चिकटवून ठेवते.

फोकसचे कडे हा या लेन्सचा खरा ऐवज आहे. अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत जायला ते बरेच लांब फिरवावे लागते, त्यामुळे जवळच्या वस्तूवर केसभर फरकही हाताला जाणवतो. स्वयंचलित लेन्सचे फोकस कडे हाताने फिरवताना जो पोकळपणा लागतो, तो इथे औषधालाही नाही. पण ही अचूकता गंमत म्हणून दिलेली नसून गरज म्हणून आहे. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर अर्ध्या मीटरवरून एफ/२ ला स्पष्टतेची पट्टी जेमतेम आठ मिलिमीटर जाडीची असते; दोन मीटरवर ती चौदा सेंटीमीटरच्या घरात जाते. गेल्या मार्गशीर्षात आत्या खिडकीशी बसून मेथी निवडत होती, तेव्हा मी हे आठ मिलिमीटर प्रत्यक्ष अनुभवले. चष्म्याची दांडी धारदार आणि पापण्या धूसर; मी कडे जरा फिरवले तर पापण्या आल्या आणि बुबुळ गेले; तेवढ्यात आत्याने मान हलवली आणि सगळेच गेले. “झाला का रे काढून? माझी जुडी संपत आली,” असे ती दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी एफ/४ वर आलो, दृश्य मोठे करून डोळ्यावर फोकस केला आणि एकच छायाचित्र टिपले. त्यात हाताच्या शिरा आहेत, मेथीच्या देठांवरचे पाणी आहे, आणि मागची फडताळाची दारे इतकी मऊ विरघळली आहेत की आधुनिक लेन्सच्या करकरीत चित्रांपुढे हे चित्र वेगळे उठून दिसते. एफ/४ ला ही लेन्स मध्यभागी पुरेशी धारदार आहे आणि त्वचेशी निर्दयपणे वागत नाही. माझ्या मते हेलिओसचा उत्तम आकडा हाच, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी ‘फोकस पीकिंग’ची सोय एफ/२ ला फसवते. ती आशावादी आहे. रंग उमटला म्हणजे फोकस लागला, असे धरून चाललात तर निम्मी चित्रे वाया जातील. दृश्य मोठे करून पाहण्याला पर्याय नाही.

भोवऱ्याचे म्हणाल, तर तो जादू नसून दोष आहे. कडेकडून येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत अंशतः अडतो, त्यामुळे कोपऱ्यांतले प्रकाशबिंदू गोल न राहता लिंबाच्या फोडीसारखे होतात आणि मध्याभोवती वर्तुळात मांडल्यासारखे दिसतात. त्यात या रचनेतील न सुधारलेली क्षेत्रवक्रता (स्पष्टतेची पातळी सपाट न राहता वाकणे) व दृष्टिवैषम्य (बिंदू एका दिशेने ताणला जाणे) यांची भर पडते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दोन-तीन सकाळी घालवल्यावर माझ्या हाती लागलेला अंदाज असा: माणूस दीड ते दोन मीटरवर, त्याच्या मागे पाच-सात मीटरवर पानांची दाट जाळी, आणि त्या जाळीतून ठिबकणारे ऊन. भिंत मागे असेल तर काहीच होत नाही, आणि पाने फार दूर असतील तर नुसता हिरवा चिखल होतो. लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात चित्राच्या कडाच कापल्या जातात, म्हणून तिथे भोवरा निम्माही उरत नाही. केवळ त्यासाठी लेन्स घेणार असाल तर हे आधी लक्षात घ्यावे.

सूर्य चौकटीत किंवा चौकटीलगत आला की चित्र दुधाळ होते. चकाकी रोखणारा लेप एकथरी असलेल्या भिंगांकडून वेगळी अपेक्षा नाही. ४९ मिमीचे रबरी हूड, म्हणजे ऊन अडवणारी झालर, लावले की बराचसा त्रास जातो.

आणि आता ती स्वच्छता. जूनअखेर पावसाने जोर धरला, तेव्हा एका रात्री मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लेन्सच्या मागून लावून मी पुढून पाहिले, तर दुसऱ्या भिंगाच्या काठाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. बुरशी. दुकानात मी भिंगाकडे नुसत्या डोळ्यांनी, वरच्या दिव्यात पाहिले होते, आणि तसे पाहिल्यावर ती दिसतच नाही. विक्रेत्याने ठरवून फसवले की त्यालाही ठाऊक नव्हते, हे मला सांगता येणार नाही. फोन केल्यावर ‘जुन्या मालाची गॅरंटी नसते’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी पेठेतल्या एका वयस्क कारागिरांकडे बाराशे रुपये देऊन मी ती उघडून साफ करून घेतली व फोकसचे सुकलेले ग्रीसही बदलून घेतले. बुरशीने लेपावर स्वल्पविरामाएवढा एक डाग कायमचा कोरला आहे; चित्रांत तो दिसत नाही. सोबत आलेली चामड्याची मूळ पेटी मी शोभेपुरती कपाटावर ठेवली आहे, कारण चामडे ओल धरते. लेन्स राहते ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह, आणि काटा पन्नासच्या वर गेला की मी जेल बदलतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी डब्याचा खर्च लेन्सच्या किमतीतच धरावा.

त्यामुळे घ्यायला जाताना बॅटरी खिशात असू द्या, दोन्ही बाजूंनी पाहा, फोकसचे कडे पूर्ण फिरवून ते मध्येच कुठे अडते का ते तपासा, आणि भिंगावरच्या एखाद-दुसऱ्या ओरखड्याला घाबरू नका. तो धूसर थरापेक्षा फार कमी नुकसान करतो. मी ४४-२ घेतली याचा मला पश्चात्ताप नाही, साडेपाच-सहा हजारांच्या पुढे मात्र मी तिच्यासाठी गेलो नसतो.

दुरुस्तीनंतर एक गोष्ट तेवढी बदलली आहे. कारागिरांनी कडे परत बसवताना ते किंचित सरकले, त्यामुळे सिंहगड स्पष्ट दिसतो तेव्हा कडे अनंताच्या खुणेच्या थोडे अलीकडे असते. तीन बारीक स्क्रू सैल करून ते पुन्हा जुळवता येते, पण मी नेलपॉलिशचा एक पांढरा ठिपका त्या जागी लावून टाकला आहे, आणि रात्रीच्या अंधारात तो मूळ खुणेपेक्षा चटकन दिसतो.