शेवाळ मारायचं तांब्याचं औषध: काम करतं, पण मी परत घेणार नाही

फिशटँकमधलं शेवाळ घालवायला हे कॉपर सल्फेटवालं लिक्विड आणलं आणि काम करतं हो, दोन दिवसांत काचेवरचं हिरवं आधी पिवळट मग पांढरट पडलं, नुसतं बोट लावलं की सुटून येत होतं. तांबं क्लोरोफिलमधल्या मॅग्नेशियमची जागा घेतं, प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं, मग पेशी मरते. पण पुढचं बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही!! मेलेलं शेवाळ कुजायला लागलं, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मासे वर येऊन धापा टाकतायत, गोगलगायी तर सगळ्या गेल्या, फार वाईट वाटलं. माझं पाणी सॉफ्ट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमी असलेलं, त्यात तांबं जास्त विषारी ठरतं, पाण्याचा हार्डनेस (हे क्षार किती आहेत ते) बघून डोस द्या एवढं तरी छापायला हवं होतं ना. शिवाय हा धातू, कुजून संपत नाही, तळातल्या वाळूत बसून राहतो आणि पाणी आम्लधर्मी झालं की परत सुटतो. असं पाणी नाल्यात तर ओतूच नका प्लीज, नदीतलं शेवाळ खाऊनच बारीक जीव जगतात आणि त्यांच्यावर मासे. मापाचं झाकण चांगलं आहे, थेंब नीट मोजता येतात. दोन स्टार.