कोलायटिससाठी हळद अर्काच्या कॅप्सूल : सात-आठ महिने वापरल्यानंतर

नवीन आलेली बाटली परत पाठवायची आहे, त्या संतापातच हे लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला तुमचं लक्ष लेबलाकडे वळवायचं आहे, आणि ते कुठल्याही कंपनीच्या बाटलीवर बघायला हवं.

बाटली तीच, झाकण तेच, किंमत पन्नास रुपयांनी वाढलेली. मागच्या बाजूला आधी ‘हळद अर्क 500 मिग्रॅ, कर्क्युमिनॉइड 95%’ असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. (कर्क्युमिनॉइड म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्यासारखे हळदीतले पिवळे घटक.) आता तिथे ‘हळद (अर्क व चूर्ण) 500 मिग्रॅ, काळी मिरी अर्क 5 मिग्रॅ’ एवढंच आहे. अर्क किती, चूर्ण किती, काही पत्ता नाही. 95 चा आकडा सरळ काढून टाकलाय.

हळदीच्या दुधासाठी कुणी घेत असेल तर त्याला काही फरक पडणार नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्याला (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा असलेल्याला) पडतो, कारण आपण हळद घेत नाही, कर्क्युमिन घेतो, आणि तेही मोजून.

मी सुरुवात गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना विचारूनच केली. मेसालामाइन (या आजाराची नेहमीची गोळी) वर्षानुवर्षं चालू आहे, तरी शेम आणि अधूनमधून रक्त पडणं थांबत नव्हतं. कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) 600 च्या वर. (50 च्या आत नॉर्मल, 250 च्या वर गेलं की आतड्यात सूज आहे असं धरतात.) स्टेरॉइड मला पुन्हा नको होतं. डॉक्टर म्हणाले, जोडीला घेऊन बघा, पण मेसालामाइनची एकही गोळी चुकवायची नाही आणि लिव्हरची तपासणी करत राहायची. जपानमधल्या 2006 च्या अभ्यासाबद्दल त्यांनीच सांगितलं. आजार शांत असलेल्या 89 रुग्णांवर तो झाला. मेसालामाइन किंवा सल्फासॅलाझिनच्या जोडीला ज्यांना रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, त्यांच्यापैकी सहा महिन्यांत सुमारे 5% लोकांचा आजार पुन्हा उफाळला; त्याच औषधांच्या जोडीला प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) घेणाऱ्यांत सुमारे 20%. 2015 च्या दुसऱ्या अभ्यासात रोज 3 ग्रॅम दिलं होतं, तेही मेसालामाइनसोबतच. तिथे चार आठवड्यांत कर्क्युमिनवाल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त रिमिशनमध्ये गेले (म्हणजे आजार शांत झाला) आणि प्लासिबोवाल्यांतला एकही नाही.

आता हिशोब. 95% म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 475 मिग्रॅ. दोन ग्रॅम गाठायला दिवसाला चार कॅप्सूल. बाटलीवर मात्र ‘दिवसातून दोन’ लिहिलंय आणि 60 कॅप्सूलची बाटली ‘महिनाभरासाठी’ म्हणून विकतात. अभ्यासातला डोस घ्यायचा तर ती पंधरा दिवसांत संपते. 899 ची बाटली महिन्याला 1,800 ला पडते, आणि हा खर्च सहसा विम्यात बसत नाही. विकत घेण्याआधी हा गुणाकार कराच.

सासूबाईंचं म्हणणं होतं, एवढे पैसे घालवण्यापेक्षा आपली सांगलीची हळद घे. त्यांना कागदावर मांडून दाखवलं. चांगल्या हळदीतही कर्क्युमिन साधारण तीन टक्के. दोन ग्रॅमसाठी रोज साठ ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल, म्हणजे चहाचे वीसेक चमचे. त्यांना लगेच पटलं, आणि त्यानंतर कॅप्सूल जेवणानंतर घेतली की नाही याची आठवण त्याच करून देऊ लागल्या.

पहिला दीड महिना मला काही जाणवलं नाही. पोट जड व्हायचं, ढेकरा यायच्या. तेव्हा लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते. मग हळूहळू सकाळची घाई कमी झाली. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या आणि हा आजार असलेल्या माणसालाच याचा अर्थ कळेल. चांदणी चौक ओलांडला की पुढे ट्रॅफिक कुठे अडकेल सांगता येत नाही. त्यामुळे ऑफिसला पोहोचेपर्यंत मी चहासुद्धा घ्यायची नाही, आणि बावधनच्या पुढे कुठल्या पेट्रोल पंपावरचं टॉयलेट उघडं असतं ते मला पाठ होतं. एका सोमवारी घरून पोहे खाऊन निघाले आणि वाटेत कुठेही उतरावं लागलं नाही. नंतरच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन 180 आलं. हा आजार आपणहूनही चढतो-उतरतो, म्हणून माझ्या एकटीच्या आकड्याला मी पुरावा म्हणणार नाही. पण माझे चार स्टार पक्के झाले होते.

आणि मग ही नवी बाटली.

जुन्यातल्या दोन कॅप्सूल शिल्लक होत्या. एक जुनी, एक नवी, दोन्ही स्टीलच्या ताटलीत फोडल्या. जुनीतली पूड भडक केशरी, अगदी बारीक, वास जवळजवळ नाहीच. नवीतली फिकट पिवळी, आणि फोडल्या फोडल्या डब्यातल्या हळदीचा ओळखीचा वास. अर्क काढताना हळदीचं सुगंधी तेल बहुतेक निघून जातं, चूर्णात ते राहतं. वासावरून टक्केवारी काढता येत नाही, पण चूर्ण नावापुरतं घातलेलं नाही एवढं माझ्या नाकाला कळलं.

कस्टमर केअरला फोन केला. ‘मॅडम, फॉर्म्युला अपग्रेड झालाय, काळी मिरी घातल्यामुळे वीसपट शोषलं जातं.’ मी विचारलं, कर्क्युमिनॉइड किती मिलिग्रॅम? ‘मॅडम, पूर्ण नैसर्गिक आहे.’ पुन्हा विचारलं. ‘वरिष्ठांना विचारून कळवतो.’ त्यानंतर ईमेलवर ईमेल झाले आणि दर वेळी तेच माहितीपत्रक आलं.

वीसपटीचा आकडा खरा आहे. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिग्रॅ पिपरिन (काळ्या मिरीतला घटक) देऊन तो काढला होता. पण त्यांनी मोजलं ते रक्तातलं प्रमाण. माझा आजार मोठ्या आतड्याच्या अस्तरात आहे. कर्क्युमिन रक्तात फारसं जात नाही, बरंचसं आतड्यातूनच पुढे सरकतं, आणि कोलायटिसमध्ये ते तिथेच हवं असतं. शिवाय पिपरिनमुळे इतर औषधं शरीरात मोडण्याच्या क्रियेत ढवळाढवळ होते. आपल्यापैकी अनेकजण अझाथायोप्रिनवर (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर) असतात, लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतं. हळदीच्या सप्लिमेंटमुळे क्वचित लिव्हरला इजा होते, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने 2023 मध्ये दिला आणि जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकारांत धोका जास्त असू शकतो असंही सांगितलं. असा घटक गिऱ्हाइकाला न कळवता त्याच बाटलीत घालणं मला अक्षम्य वाटतं.

आणि डोसचं काय? समजा अर्धा अर्क आणि अर्धं चूर्ण आहे. मग एका कॅप्सूलमध्ये अडीचशेच्या आतच कर्क्युमिन, आणि ‘दिवसातून दोन’ घेतल्या तर पाचशेच्याही खाली. दिल्लीच्या एम्समधला 2017 चा अभ्यास नेमका अशाच कमी डोसचा होता, दिवसाला 450 मिग्रॅ. त्यात कर्क्युमिन आणि प्लासिबो यांत फरक आढळला नाही. म्हणजे लेबलावरचा एक आकडा पुसला की काम करू शकणारी वस्तू बहुधा काम न करणारी होते, आणि रुग्ण मात्र रोज इमानेइतबारे गिळत राहतो. चार महिन्यांनी रक्त दिसलं की म्हणतो, आयुर्वेदात काही दम नाही. ज्या झाडपाल्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आहे, त्याची बदनामी अशी होते. मला याचा खरोखर त्रास होतो.

सालई गुग्गुळबद्दल (सालईच्या झाडाचा डिंक) कोलायटिसवाल्यांच्या ग्रुपवर बरेचजण विचारतात. मी वापरलेलं नाही. 1997 च्या भारतीय अभ्यासात 350 मिग्रॅ दिवसातून तीनदा देऊन कोलायटिसमध्ये चांगला परिणाम दिसला होता, पण तो छोटा होता. क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) रिमिशन टिकवण्यासाठी 2011 च्या अभ्यासात ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. कोरफडीचा रस माझ्या मावसबहिणीने घेतला, तिला जुलाब वाढले. पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक रेचक असतो, त्यामुळे घरी काढलेला रस आपल्या आजारात नकोच.

सध्या दुसऱ्या कंपनीची बाटली चालू आहे. साधी, मिरी नसलेली, कर्क्युमिनॉइडचं प्रमाण छापलेली, आणि बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर दोन दिवसांत पाठवणारी. ती शंभर रुपयांनी महाग आहे, तरी घेते. जुन्या कंपनीच्या आधीच्या बाटलीला चार स्टार, आत्ताच्या बाटलीला एक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवली आहे, बाटलीवरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक आणि दोन्ही लेबलांचे फोटो जोडून. तुमच्याकडे जुनी बाटली असेल तर लेबल फाडून टाकू नका, फोटो काढून ठेवा. रिफंडचं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.