लॅब सिरीज एल-५ : बी. बी. किंग यांच्या सुरामागचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर

ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारातली गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे, ती अशी की गिटारचा भरदार, उबदार आणि जिवंत सूर हवा असेल तर अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाराच असला पाहिजे आणि ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नाइलाजाने केलेली तडजोड. या समजुतीला सर्वांत ठाम उत्तर ज्यांनी आपल्या वादनातून दिले, ते अमेरिकन ब्लूज गायक आणि गिटारवादक बी. बी. किंग (१९२५-२०१५). परवडणारे कोणतेही यंत्र निवडण्याची मोकळीक असताना त्यांनी अनेक वर्षे रंगमंचावर लॅब सिरीजचा एल-५ हा संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर वापरला. हे परीक्षण त्याच अ‍ॅम्प्लिफायरचे आहे. मात्र किंग यांची गिटार आणि त्यांचा हात यांच्यापासून तो वेगळा काढून तपासला, तर त्याची खरी योग्यता लक्षात येत नाही.

१९७० च्या दशकात गिब्सन आणि मूग या दोन्ही कंपन्या नॉर्लिन या एकाच समूहाच्या मालकीच्या होत्या. लॅब सिरीजची रचना सिंथेसायझर बनवणाऱ्या मूगकडे झाली आणि ती गोष्ट एल-५ च्या दर्शनी पट्टीवरच दिसते. ताकद १०० वॅट, बारा इंची दोन स्पीकर आणि दोन स्वतंत्र चॅनेल, इथपर्यंत सारे नेहमीचे आहे. दुसऱ्या चॅनेलवर मात्र मधल्या सुरांच्या नॉबशेजारी ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचा आणखी एक नॉब आहे. मधले सूर किती वाढवायचे किंवा कमी करायचे एवढेच नव्हे, तर त्या पट्ट्यातला नेमका कोणता भाग उचलायचा, हेही वादकाला त्याने ठरवता येते. त्याच्या जोडीला ‘मल्टिफिल्टर’ आहे. तो वरच्या मध्यभागात एकमेकांलगत अनेक चढउतार निर्माण करतो, त्यामुळे एरवी सपाट वाटणाऱ्या विजेच्या गिटारला लाकडी पेटीच्या वाद्यासारखा गुंजनाचा भास मिळतो. स्प्रिंगवर चालणारा रिव्हर्ब, म्हणजे सुरामागे घुमणारा नाद देणारी सोय, याच चॅनेलवर आहे. शेवटी मोठ्या-लहान आवाजांतला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर आणि एकूण आवाज ठरवणारा मास्टर व्हॉल्यूम येतात. त्या काळातल्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये इतकी सूक्ष्म साधने क्वचितच एकत्र मिळत.

आता प्रत्यक्ष आवाजाविषयी. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या आवाजात चालवला की सूर हळूहळू दबत जातो, त्याच्या कडा मऊ होतात आणि आघाताची धार कमी होऊन मागचा नाद पुढे येतो. पुष्कळ ब्लूज वादकांना नेमके हेच हवे असते. एल-५ वेगळ्या वाटेने जातो. त्याच्यात शिल्लक ताकद इतकी आहे की आवाज बराच वाढवला तरी स्वच्छ सूर स्वच्छच राहतो, खर्जातल्या तारा ढिल्या पडत नाहीत आणि तारेवर पिक (तार छेडण्याची पट्टी) पडण्याचा क्षण जसाच्या तसा ऐकू येतो. तरीही तो कोरडा वाटत नाही, हे मला या यंत्राचे सर्वांत मोठे यश वाटते. मधल्या सुरांचा नॉब थोडा पुढे नेऊन फ्रीक्वेन्सी सावकाश फिरवत राहिले की एका जागी सूर अचानक भरून येतो, एकेक स्वर गोल आणि वजनदार लागतो. ती जागा प्रत्येक गिटारची वेगळी असते आणि ती कानानेच शोधावी लागते. कॉम्प्रेसर बेताने ठेवल्यास लांबवलेला स्वर अंगावर न येता टिकून राहतो. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असलेल्या मोठ्या वाद्यवृंदापुढे उभे राहून एकाच स्वराने सभागृह भरायचे असेल, तर गिटारने कर्कश न होता गर्दीतून वर येणे आवश्यक असते. किंग यांची नेहमीची गरज हीच होती आणि एल-५ ती पूर्ण करतो.

‘ल्युसील’ हे किंग यांच्या एकाच गिटारचे नाव नव्हते. एकामागून एक आलेल्या अनेक गिटारांना त्यांनी तेच नाव दिले. १९८० पासून गिब्सनने त्यांच्या नावाचे जे मॉडेल बनवले, ते ईएस-३५५ या अर्धपोकळ गिटारवर आधारलेले होते. मुख्य फरक असा की त्याच्या वरच्या फळीवर इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची छिद्रे ठेवलेली नव्हती. हा बदल केवळ दिसण्यासाठी नव्हता. पोकळ अंगाची गिटार मोठ्या आवाजातल्या स्पीकरसमोर आणली की ती स्वतःच थरथरून घुमू लागते आणि छिद्रे नसली की हा त्रास बराच कमी होतो. १०० वॅटच्या स्वच्छ अ‍ॅम्प्लिफायरपुढे उभे राहणाऱ्या वादकाला या सोयीचे मोल लगेच कळते. या गिटारवर तारांची कंपने टिपणारे, दुहेरी वेटोळ्यांचे दोन हंबकर पिकअप असतात आणि सूर बदलणारा सहा स्थानांचा व्हॅरिटोन स्विच असतो. त्याचे पहिले स्थान मूळ सूर तसाच जाऊ देते, तर पुढची स्थाने त्यातला ठरावीक भाग गाळतात. एल-५ वर इतके नियंत्रण हाताशी असताना मला व्हॅरिटोनची गरज फारशी भासत नाही. पुढची स्थाने सूर बारीक करतात आणि मग अ‍ॅम्प्लिफायरवर तो पुन्हा भरून काढावा लागतो.

तारांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. किंग यांच्या नावाने गिब्सनने काढलेल्या संचात पहिली तार ०.०१० इंचाची आणि सहावी ०.०५४ इंचाची आहे. वरच्या तारा सहज खेचता येतात आणि खालच्या तारा जाड असल्यामुळे खर्जाला वजन राहते. हलका संच लावून किंग यांच्यासारखा सूर शोधणाऱ्याने आधी तारा बदलून पाहाव्यात.

या सगळ्यानंतर उरतो तो डावा हात, आणि एल-५ ची निवड मला कळली ती तिथेच. किंग यांचे नातलग बुका व्हाइट हे तारांवर नळी सरकवून वाजवल्या जाणाऱ्या स्लाइड गिटारचे वादक होते. तो सरकता, कापरा सूर आपल्याला बॉटलनेकने, म्हणजे बोटात घालायच्या त्या नळीने, साधत नाही म्हणून किंग यांनी तो बोटांनी काढायला सुरुवात केली आणि त्यातून त्यांचा तो प्रसिद्ध स्वरकंप घडला. किंग सहसा गाताना वाजवत नसत. गळा थांबला की गिटार उत्तर देई. आपल्याकडे ज्याला गायकी अंग म्हणतात, ते त्यांच्या वादनात पुरेपूर आहे : मोजके स्वर, मधला ठहराव, तार खेचून घेतलेली मींड आणि शेवटच्या स्वरावरचा कंप. असे वादन ऐकवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने आपला रंग लादता कामा नये. एल-५ हे पथ्य पाळतो. अर्थात त्याची दुसरी बाजूही आहे : तो काहीच झाकत नाही. मींड थोडी कमी पडली किंवा कंप असमान झाला, तर तेही तितक्याच स्पष्टपणे ऐकू येते. शिकणाऱ्याला हे सुरुवातीला जड जाईल, पण त्यासाठीसुद्धा मी या यंत्राची शिफारस करेन.

याच्या मर्यादाही ठळक आहेत. ज्यांना फुटलेला, खरबरीत सूर हवा आहे, त्यांनी एल-५ वर अवलंबून राहू नये. जोर देऊन तसा सूर काढता येतो, परंतु चांगल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची माया त्यात नाही. मल्टिफिल्टर जास्त उघडला तर आवाज नाकात बोलल्यासारखा होतो. कॉम्प्रेसर खूप वाढवला की पाठीमागची खरखर वर येते. वजन भरपूर आहे आणि एकट्याने जिन्यावरून नेण्याजोगे हे यंत्र नाही. शिवाय त्याचे उत्पादन कधीच थांबले असल्यामुळे आज मिळणारा प्रत्येक नग जुनाच असणार. इतक्या वर्षांत वीजपुरवठ्याच्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) सुकतात, नॉब फिरवताना करकर ऐकू येते आणि रिव्हर्बच्या टाकीची जोडणी सैल होते. ही कामे जाणकार दुरुस्ती करणारा करू शकतो, म्हणून घेण्यापूर्वी दोन्ही चॅनेल वेगवेगळे, पुरेसा वेळ आणि मोठ्या आवाजात चालवून पाहावेत.

चांगल्या स्थितीतला एल-५ मिळालाच नाही, तर फेंडर ट्विन रिव्हर्ब हा सर्वांत जवळचा पर्याय आहे आणि किंग यांनी स्वतःही तो वापरला होता. तो व्हॉल्व्हचा असला तरी त्यातही स्वच्छ सुराची शिल्लक भरपूर आहे. फक्त त्याच्या सुरात वरचा भाग अधिक चमकदार आणि मधला भाग थोडा खोलगट असल्यामुळे ट्रेबल उतरवून मधला नॉब बराच पुढे घ्यावा लागतो. एल-५ वर मात्र मी दुसरा चॅनेल वापरतो, वरचे सूर उजळवणारा ब्राइट स्विच बंद ठेवतो, बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवतो, मल्टिफिल्टरला किंचित जागा देतो आणि रिव्हर्ब इतकाच घेतो की तो बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी. त्यानंतरची सारी कमीजास्त गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या नॉबने करता येते.